कोर्टासमोरचा दगडी शिपाई आणि रामटेकेकाका

रामटेकेकाकांना भाषणं ऐकण्याचं व्यसन होतं. दुसरा शब्द नाही त्याला. टाउन हॉलमध्ये रस्तारुंदीवरून सभा असो, एखाद्या चर्चचा वर्धापनदिन असो, की ओळख ना पाळख अशा कुणा फायर चीफचा निरोपसमारंभ असो, काका आपला तपकिरी कोट चढवून, केसांना पाणी लावून हजर. बसायचं नेहमी मागे, कडेच्या खुर्चीवर. एकदा तर एका गाद्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला मालक काय बोलतो ते ऐकायला थांबले आणि काकूंनी आणायला सांगितलेलं दूध विसरून आले. सुशीलाकाकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कोणी माइक हातात घेतला की यांच्या गाडीले आपोआप ब्रेक लागते."

अमेरिकेच्या दक्षिणेतलं आमचं मॉरिसव्हिल तेव्हा गाव म्हणावं इतकंही मोठं नव्हतं. पाइनची झाडं, तंबाखूची शेतं, आणि त्यात मधेच उभी राहिलेली आमची अपार्टमेंट्स. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्याची, नवऱ्यामागोमाग आलेली. प्रोग्रामिंगची नोकरी मिळाली होती, पण हायवेवर गाडी घालायची छाती होत नव्हती. काका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. नागपूरचे. पीएच.डी. झालेले, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. दोघांची ऑफिसं एकाच रस्त्यावर, म्हणून कित्येक वर्षं मी त्यांच्या जुन्या गाडीत, त्यांच्या शेजारी बसून कामाला गेले. मला काका जे काही कळले ते त्या गाडीत कळले.

त्यांचे वडील गिरणीत होते. वस्तीत एप्रिलमध्ये जयंतीच्या सभा व्हायच्या आणि वडील छोट्या सूर्यभानला, म्हणजे काकांना, खांद्यावर बसवून घेऊन जायचे. ज्यांची तेव्हा गिरणीत पाळी असायची त्यांचं भाषण चुकायचं. मग दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वडील त्यांना ते भाषण पुन्हा करून दाखवायचे, टाळ्या कुठे पडल्या त्यासकट. "माझा बाप चौथी शिकला होता, बेटा," काका सांगायचे, "पण वक्ता कुठे खोटं बोलला ते त्याला बरोबर समजे. म्हणे, 'आपण' शब्द आला का बोलणाऱ्याकडे नाही पाहायचं, लोकांकडे पाहायचं. ज्याची मान खाली गेली तो त्या 'आपण'मधी नाही."

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला एकदा अध्यक्षांनी 'आपली संस्कृती' या विषयावर शाळेच्या कॅफेटेरियात पाऊण तास आमचा जीव घेतला. काका आरतीला थांबत नसत, पण भाषणाला आले होते. जेवणाच्या रांगेत ते अध्यक्षांपाशी गेले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "छान झालं जी. फक्त तुमच्या त्या 'आपली'मधी आम्ही कुठवर येतो, ते जरा पुढल्या वर्षी सांगून द्या." अध्यक्ष हसले. त्यांना तो विनोद वाटला. काका ताटात पुरी घेऊन बाजूला झाले. गाडीत मी म्हटलं, "काका, भांडायचं तरी नीट." तर म्हणाले, "थकून राहिलो बेटा. एवढ्या लांब येऊन तेच भांडण कोण करेल?"

आणि असा हा जाणकार माणूस एका भाषणात सपशेल फसला.

आमच्या इमारतीच्या मागे मिसेस प्रूइट नावाची एक गोरी म्हातारी राहायची. विधवा, बोलघेवडी, काकूंना टोमॅटो आणून देणारी. मे महिन्यात तिनं काकांना सांगितलं, "शनिवारी कोर्टासमोर आमच्या शहीद सैनिकांचा कार्यक्रम आहे, जज्जसाहेबांचं भाषण आहे, या ना." भाषण म्हटल्यावर काका नाही म्हणणार होते थोडेच! कोर्ट म्हणजे आमच्या शेजारच्या काउंटीचं, अर्ध्या तासावरचं. कोर्टासमोर दगडी शिपायाचा पुतळा होता, बंदूक खाली टेकवून उभा. आम्ही सगळ्यांनी तो जाता-येता पाहिलेला. आता, पुतळ्याकडे रिकाम्या हातानं जायचं हे काकांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी नर्सरीतून झेंडूच्या रोपांचे ट्रे आणले, आणि काकूंनी आणि मी बाल्कनीत बसून सगळी फुलं खुडून हार ओवला. रोपं बोडकी झाली.

तिथं पोचल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "शिडी कुठे आहे?" आपल्याकडे जयंतीला पुतळ्याला शिडी लावलेलीच असते. इथल्या लोकांना काही उमगेना. शेवटी कोर्टाच्या कोठीतून कुणीतरी शिडी आणली. काका कोट सावरत चढले, शिपायाच्या गळ्यात हार घातला, हात जोडले आणि उतरले. मग टाळ्यांचा कडकडाट. जज्जसाहेब स्टेजवरून म्हणाले, "आपल्या पोरांचं शौर्य साता समुद्रापार पोचलं आहे." पेपरवाल्यानं फोटो काढला.

तुम्ही म्हणाल, इतकी शिकलेली माणसं, तुम्हाला कळलं कसं नाही? नाही कळलं. आम्ही शाळेत शिकलो होतो की अमेरिकेत यादवी युद्ध झालं, गुलामांना मुक्त करणारी बाजू जिंकली. मग कोर्टाच्या दारात पुतळा असेल तो जिंकलेल्यांचाच, नाही का? हरलेल्या बाजूचा शिपाई सरकारी अंगणात कोण उभा करतं? हरलेल्या बाजूचे, आडव्या फुलीचे निळे-लाल झेंडे पुतळ्याभोवती रोवले होते. तोच झेंडा पिकअप ट्रकांच्या मागे दिसायचा आणि आम्हाला तो एखाद्या बेसबॉल टीमचा वाटायचा. करड्या गणवेशातली म्हातारी माणसं जुन्या बंदुका घेऊन उभी होती, ती आम्हाला बँडवाली वाटली. आणि जज्जसाहेब चाळीस मिनिटं बोलले त्यात गुलामगिरी हा शब्द एकदाही आला नाही. घरदार आलं, आई-बहिणी आल्या, चालून आलेले परके आले. काकांनी ते परके म्हणजे गुलाम ठेवणारे धरले.

परत येताना मात्र ते गाडीत म्हणाले, "आवाज काय आहे त्या माणसाचा! पण एक पाह्यलं का तू? पोरं कशी मेली ते सगळं सांगितलं. काहून मेली ते नाही सांगितलं." म्हणजे खोट त्यांच्या कानाला लागली होती. हार मात्र घालून झाला होता.

इथे वॉल्टर येतो. वॉल्टर काकांच्या लॅबमधला सीनियर. काळा अमेरिकन, उंच, पुढे जरा वाकलेला, सावकाश बोलणारा. काका पहिल्यांदा या देशात आले तेव्हा त्यानंच त्यांना गाडी चालवायला शिकवली, बर्फावर चाक घसरलं तर काय करायचं ते दाखवलं. महिन्यातून एका रविवारी चर्च सुटल्यावर काका-काकू त्याच्याकडे जेवायला जायचे. काका त्याला वॉल्टरभाऊ म्हणायचे आणि तोही काकांना भाऊच म्हणायचा. वॉल्टर बोलायचा अर्थातच इंग्रजी, पण मी त्याचं बोलणं ऐकायची ते गाडीत, काकांच्या तोंडून. त्यामुळे माझ्या आठवणीतला वॉल्टर शुद्ध नागपुरी बोलतो.

फोटो छापून आल्यावर सोमवारी संध्याकाळी काकांनी गाडी सुरू केली आणि तशीच पार्किंगमध्ये उभी ठेवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"वॉल्टरभाऊ म्हणे, तुझा फोटो पाह्यला पेपरात. मी म्हटलं, हाव, कसा आला? तर म्हणे, त्या कोर्टाच्या पायऱ्या दिसून राहिल्या ना मागे, त्या पायऱ्यांवर दर नव्या वर्षी माझ्या आजीच्या आईले उभं करत. गुलाम होती ती, मालक तिले वर्षाच्या करारानं भाड्यानं दे. ज्यानं जास्त दिले त्याच्या शेतावर वर्षभर. आणि तो शिपाई हेच चालू राहावं म्हणून लढला."

"फार रागावले का?" मी विचारलं.

"रागावला नाही तो," काका म्हणाले. "रागावला असता तर बरं झालं असतं. चहा पिऊन कप धुतला अन् कामाले लागला."

त्या महिन्यात रविवारचं बोलावणं आलं नाही. पुढच्याही महिन्यात नाही. लॅबमध्ये वॉल्टर पूर्वीसारखाच बोलायचा, भाऊ म्हणायचा, यंत्र बिघडलं तर मदत करायचा. फक्त घराचं दार बंद झालं होतं. काका ते कुणाला सांगत नसत, पण रविवारी दुपारी काकू दोघांपुरता भात लावायच्या आणि काका खिडकीशी बसून राहायचे. गावकुसाबाहेरच्या माणसाचा नातू मी, आणि मी हार घातला तो कुणाला, हे त्यांना आतून खात होतं. एकदा मला म्हणाले, "बाप सांगे, मान कोणाची खाली जाते ते पाहा. मी पाह्यलं ना त्या दिवशी. एकाची नाही गेली. ज्यांची गेली असती ते आलेच नव्हते, बेटा. जो आलाच नाही त्याची मान कशी दिसेल?"

चूक एकदाची असती तर विरून गेली असती. पण पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या पत्रकावर काकांचा तोच फोटो आला. शिडीवर काका, शिपायाच्या गळ्यात झेंडू. जज्जसाहेबांच्या भाषणातही ते आले, 'आपले भारतीय मित्र' म्हणून. कोणी त्या पुतळ्याबद्दल कुरकुर केली की काकांचं नाव पुढे केलं जायचं, पाहा, लांबून आलेल्या माणसालाही यात काही गैर वाटत नाही. काका जज्जसाहेबांच्या घरी गेले. जज्जसाहेबांनी व्हरांड्यात बसवून गोड गार चहा पाजला, नागपूरच्या हवेची चौकशी केली, आणि काकांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "डॉक्टर, तुमचा हेतू चांगला होता, आमचाही चांगला आहे, मग हरकत काय?" आणि पुढच्या वर्षी स्टेजवर खुर्ची देऊ केली.

काका चिडून घरी आले. काकू म्हणाल्या, "सोडा ना जी आता. कोण लक्षात ठेवते?" काका म्हणाले, "लक्षात राहावं म्हणूनच तर करतात हे सगळं. दर वर्षी तोच दिवस, तेच गाणं, तेच भाषण. दर वर्षी माझा हार ताजा होऊन राहिला."

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट सुरू केली. दर मे महिन्यात ते तिथं जायचे आणि लांब, रस्त्यापलीकडे उभं राहून ते भाषण ऐकायचे. आपलं नाव अजून घेतात का ते पाहायला. एकदा सोमवारी लॅबमध्ये वॉल्टरला सांगू लागले तर त्यानं हात वर करून थांबवलं. वॉल्टरचे वडील त्याच कोर्टात झाडूपोछा करायचे, कार्यक्रमाच्या खुर्च्याही तेच मांडायचे. ते भाषण वॉल्टरला पाठ होतं. त्यानं लॅबमध्ये उभ्या-उभ्या ते काकांना म्हणून दाखवलं, घरदार, आई-बहिणी, परके, सगळं. कुठे थांबायचं, कुठे रुमाल काढायचा, तेही. जज्ज बदलले, भाषण तेच. "मले नको सांगू भाऊ," वॉल्टर म्हणाला म्हणे, "मी जन्मापासून ऐकून राहिलो."

काकांना वाटत होतं, एकदा, फक्त एकदा, त्याच माइकवरून खरं सांगता आलं तर हार उतरेल. वॉल्टरच्या कानावर जाईल. ते उघड बोलायचे नाहीत, पण मला दिसत होतं, त्यांना पुतळ्याशी काही देणं-घेणं नव्हतं. त्यांना ते रविवारचं दार उघडायला हवं होतं.

संधी आली. एका वर्षी जज्जसाहेब आजारी पडले आणि कमिटीनं काकांनाच दोन शब्द बोलायला बोलावलं. काकांनी वॉल्टरला सांगितलं, तू ये. वॉल्टर म्हणाला, तिथं मी पाय ठेवणार नाही. मी तोवर गाडी चालवायला लागले होते, म्हणून मीच काकांना घेऊन गेले. काकू आल्या नाहीत. रस्ताभर काका ओठ हलवत भाषण घोकत होते. आयुष्यभर भाषणं ऐकलेला माणूस, स्वतः कधी बोलला नव्हता.

माइक त्यांना उंच झाला. कुणीतरी तो खाली करून दिला. ते इंग्रजीत, संथ आणि स्पष्ट बोलले. मी पुढेच होते, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"मित्रहो, काही वर्षांपूर्वी मी या शिपायाला हार घातला. मला वाटलं होतं, हा गुलामांना सोडवायला लढला. माझ्या देशात कोर्टासमोर तशाच माणसाचा पुतळा असता. हा माणसांना बांधून ठेवणाऱ्यांच्या बाजूनं लढला, हे मला इथल्या एकाही भाषणातून कळलं नाही. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती. मेलेल्या पोरांबद्दल मला वाईट वाटतं, पण त्यांना हार घालणारा माणूस मी नव्हे. तो हार मी मागे घेतो. माझा फोटो छापू नका."

एवढंच. ते खाली बघत उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. कोणी ओरडेल, कोणी उठून जाईल. मी गाडीची किल्ली हातात काढून ठेवली.

आणि टाळ्या वाजल्या. आधी पुढच्या रांगेतून, मग सगळीकडून. सभ्य, उबदार टाळ्या. कमिटीच्या अध्यक्षानं काकांचा हात हातात घेतला, "थँक यू, डॉक्टर. मनापासून बोललात. अमेरिका म्हणतात ती हीच." बँड सुरू झाला. मिसेस प्रूइटनं केकचा तुकडा रुमालात बांधून दिला आणि म्हणाली, "किती गोड बोललात हो!" फक्त करड्या गणवेशातला एक म्हातारा आमच्या गाडीपर्यंत मागे आला. रागानं लाल झाला होता. "तुला आमच्या मेलेल्यांबद्दल बोलायचा काही अधिकार नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "त्यानं तरी ऐकलं."

पुढच्या आठवड्यात पेपरात काकांचा माइकसमोरचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, हृद्य भाषण. उन्हाळा संपायच्या आत त्यांची लॅब बंद झाली, काका-काकू टेक्सासला प्लेनोला गेले, आणि तिथून सणासुदीला फोन येत राहिले तेवढेच. म्हणून माझ्या मनात काका राहिले ते त्या भाषणाच्या दिवशीचेच.

त्या दिवशी परत येताना, घराच्या वळणावर त्यांनी माझ्या हाताला स्पर्श केला. "वॉल्टरभाऊकडे घे गाडी."

"काका, त्यांनी बोलावलंय का?"

"घे म्हटलं ना."

वॉल्टर पोर्चमध्ये बसून मटार सोलत होता. आम्हाला पाहून उठला नाही. काका अंगणातच उभे राहिले, कोट घातलेला, हातात तो केकचा रुमाल. मी गाडीतच थांबले. खिडकी उघडी होती.

"आय टोल्ड देम," काका म्हणाले. "एव्हरीथिंग."

"अँड?"

त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. सगळा थकवा एकदम खाली उतरल्यासारखा.

"दे क्लॅप्ड," ते म्हणाले.

वॉल्टर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. आवाज न करता, डोळे मिटून, मांडीवर हात आपटत. काकाही हसायला लागले, आणि हसता-हसता त्यांचं रडू फुटलं. तसेच उभे राहून रडले, लहान मुलासारखे, तोंड न झाकता. हाक मारावीशी वाटली, पण तिथं माझं काही काम नव्हतं.

वॉल्टर उठला. शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र काढलं, काकांच्या हातातला केक घेऊन कठड्यावर ठेवला आणि त्यांना दंडाला धरून वर आणलं. आत वळून त्यानं बायकोला सांगितलं की आज ताट एक जास्त घे. मग मटारची पाटी दोघांच्या मधे ओढून घेतली.

मी गाडी वळवली तेव्हा दोघं शेंगा सोलत होते. काका तपकिरी कोटाच्या बाहीनं नाक पुसत होते आणि त्यांचे अर्धे दाणे पाटीबाहेर पडत होते, आणि वॉल्टर ते एकेक उचलून आत टाकत होता.